ओळीत चार शब्द

१० जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशनातल्या माझ्या टेबलावर पोहोचलं. आमची पद्धत अशी, की एका पानातले शब्द मोजायचे, पानांनी गुणायचं आणि छापील पुस्तक केवढं होईल याचा अंदाज बांधायचा. तुझ्या पहिल्या पानावर समास न सोडता ओळीत चौदा शब्द कोंबलेले. मी प्रकाशकांना दोनशे पानं सांगून मोकळा झालो. त्याहून बारीक कादंबरी ते घेतच नाहीत.

मग पुढे चाळलं. मध्ये ओळीत आठ शब्द, शेवटी तर चारच. पुस्तक दीडशेलाच आटोपतंय. साबणाची वडी कागदाएवढी पातळ होईपर्यंत वापरणारी तू, ही उधळपट्टी कशी केलीस? एखादं प्रकरण वाढवतेस का? नाहीतर ते परत पाठवतील.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.

तुझा भाचा

१८ जून

चि. भाच्यास, अनेक आशीर्वाद.

शितावरून भाताची परीक्षा तू केलीस, आता माझ्या नावानं का बोटं मोडतोस? गोष्ट संपते तिथे संपते. पाणी घालून वाढवायला ती आमटी नाही. हात सैल सुटला म्हण. तुझ्या बाबांपाशी मात्र यातलं काही बोलू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

आत्या

२६ जून

ती. आत्यास, सा. न.

बाबांपासून काय लपवायचं, हेच कळेना. मग तुझं पाकीट पाहिलं. पत्ता थेट तिकिटाला जाऊन भिडलाय. हस्तलिखित पुन्हा काढलं, तर अक्षर पानागणिक मोठं होत गेलंय. आत्या, तुला दिसायचं कमी झालंय का? खरं सांग.

तुझा

४ जुलै

चि. भाच्यास, आशीर्वाद.

पकडलंस. नजरेच्या मध्यभागी धूसर डाग आलाय आणि तो पसरतोय. शेवटचं प्रकरण ओळीखाली पट्टी धरून, जाड पेनानं लिहिलं. दादाला कळलं असतं तर त्यानं लिहिणंच बंद करवलं असतं. भीती वाटते रे. माझं पुस्तक मला एकदा तरी माझ्या डोळ्यांनी वाचायचंय.

आत्या

२० जुलै

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

प्रकाशकांना सगळं सांगितलं. टाइप मोठा घेतला, ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडली, समास रुंद केले आणि पुन्हा गुणाकार केला. दोनशे चार पानं! आपले निम्मे वाचक चष्मेवाले, त्यांना हेच हवंय, असं म्हणून त्यांनी होकार दिला. पहिलं पान नमुन्यादाखल छापून सोबत पाठवतोय. दिसतंय का, ते कळव.

वाट पाहणारा,
तुझा भाचा

२८ जुलै

चि. भाच्यास, आशीर्वाद.

सातव्या ओळीत एक शब्द दोनदा छापलाय. मला कुणी वाचून दाखवलेलं नाही.

आत्या