मटकीच्या पांढऱ्या गाठी

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी,
सातारा.

विषय: चाचणी-शेतातील मटकीच्या मुळांवरील गाठी कापून पाहणेबाबत.
संदर्भ: शिंबीवर्धन संशोधन केंद्र, सांगली यांचा दि. २८ ऑगस्ट २०२५ चा पाहणी अहवाल.

महोदय,

अर्जदार भामाबाई केरबा खरात, वय ६७, धंदा शेती व शेळ्या, राहणार औंधजवळील वस्ती, हिची विनंती खालीलप्रमाणे:

१. हवेतले नत्र धरणाऱ्या गाठी मुळांवर जास्त याव्यात, म्हणून गुण निवडून तयार केलेले मटकीचे नवे वाण केंद्राने जुलैत अर्जदाराच्या रानात पेरले. शेजारी अर्जदाराचे घरचे बी होते. पेरताना केंद्राचे श्री. अनीश दातार यांनीच सांगितले होते, की गाठ आतून लाल असली तर कामाची, पांढरी असली तर फुकट खाणारी.

२. पाहणीदिवशी त्यांनी मुळे धुऊन गाठी मोजल्या. नव्या वाणाला एकसष्ट, घरच्याला एकोणीस. अर्जदाराने दोन्हींची एकेक गाठ नखाने फोडली. घरची लाल निघाली, नवी पांढरी. श्री. दातार म्हणाले, "आजी, आज फक्त मोजायचंय." अर्जदार म्हणाली, "आवं साहेब, भाकड शेळ्या मोजून दूध मिळतंय व्हय?" त्यावर त्यांनी वही मिटली.

३. अर्जदाराची सून उत्कर्षा हिने अहवालाची प्रत मिळवली. त्यात गाठींचा रंग नाही. "शेतकरी समाधानी" असे असून खाली अर्जदाराच्या नावे अंगठा आहे. अर्जदार नऊ वर्षांपासून सही करते. तो अंगठा कोणाचा, याचा शोध व्हावा. याच अहवालावर पुढच्या खरिपात बारा गावांना हे बी वाटायचे ठरत आहे.

४. दि. ३० रोजी केंद्राची गाडी दोन्ही वाणांची झाडे उपटायला आली. चाचणी संपायला महिना असताना एवढी घाई का? अर्जदार सरीत बसून राहिली, तेव्हा गाडी परत गेली. तेव्हापासून ती भाकरीसुद्धा बांधावरच खाते.

५. वाण वाईटच आहे, असे अर्जदार म्हणत नाही. त्याचे आमच्या मातीतल्या, गाठी धरवणाऱ्या जिवाणूंशी जुळले नसेल. पण तसे लिहा. केंद्राशी संबंध नसलेला जाणकार पाठवून गावासमोर गाठी कापाव्यात. घरच्या पांढऱ्या निघाल्या, तर अर्जदार भर गावात श्री. दातारांची माफी मागेल.

मात्र आठ दिवसांत यावे. शेंगा भरल्या की सगळ्याच गाठी आतून मरतात. मग लाल कोणती होती आणि पांढरी कोणती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

बांधावर आपली वाट पाहणारी,
(सही) भामाबाई केरबा खरात
दि. १ सप्टेंबर २०२५

लिहून देणार: उत्कर्षा खरात
सोबत: अहवालाची प्रत, अर्जदाराच्या सहीचे बँकेचे पासबुक (झेरॉक्स).