सातवीसच्या पॅसेंजरअभावी पुण्यात पडलेल्या ‘संगीत फाटक बंद’ या नाटकाबाबत

प्रति,
मा. सचिव महोदय,
जिल्हा शालेय कलामेळा समिती,
वर्धा.

विषय : ‘संगीत फाटक बंद’ हे नाटक यादीतून रद्द न करणे व शनिवार, दि. २२ फेब्रुवारी रोजी पुलगाव येथील प्रयोगास परवानगी देणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. कमे/५७, दि. ३ फेब्रुवारी १९५८.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार कु. भागीरथा रूपराव भोयर ही पुलगावच्या कन्याशाळेत इयत्ता दहावीत शिकते. अर्जात ‘मी’ लिहू नये, ‘अर्जदार’ लिहावे, म्हणजे साहेब लोक शेवटपर्यंत वाचतात, असे तिचे मामा पुंडलिकराव सांगतात. ते वर्ध्याला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात, तेव्हा त्यांचे ऐकणे भाग आहे. सदर नाटक अर्जदाराने स्वतः लिहिले असून त्यात नवरदेवाचे कामही तीच करते, कारण वर्गात तिच्याइतके उंच दुसरे कोणी नाही.

आपण पत्रात कळवले आहे की, सदर नाटक पुण्याच्या मेळ्यात साफ पडले, सबब ते मंजूर नाटकांच्या यादीतून रद्द करण्यात येत आहे व शाळेने ते यापुढे करू नये. पडले हे अर्जदारास मान्य आहे. ती त्या वेळी रंगमंचावरच उभी होती. परंतु रद्द करणे मान्य नाही. आमच्या मोठ्या बाई आनंदाबाई नियमाने चालणाऱ्या आहेत. त्यांनी आपले पत्र फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवले आणि म्हणाल्या, “समितीचं दुसरं पत्र येईल तेव्हाच पडदा उघडेल.” त्यामुळे शनिवारचा प्रयोग होणार की नाही, हे आता सर्वस्वी आपल्या हातात आहे.

२. कथानक थोडक्यात असे. नवरदेवाची वरात रेल्वेफाटकाच्या अलीकडे, नवरीचा मांडव पलीकडे. मुहूर्त जवळ आलेला आणि फाटक बंद. फाटकवाला काही केल्या उघडत नाही. मग अलीकडून वऱ्हाडी गातात, पलीकडून नवरीची आई रडत रडत गाते, मधून फाटकवाला गातो. शेवटी गाडी निघून जाते, फाटक उघडते, लग्न लागते. यात राजा नाही, राक्षस नाही, जत्रेत हरवलेला भाऊ नाही. तरी पुलगावात अकरा प्रयोग झाले, आणि अकराव्याला तर लोक पार जाम गावाहून ट्रकच्या टपावर बसून आले होते.

याचे कारण असे की, त्या फाटकाशी अडला नाही असा माणूस आमच्याकडे सापडायचा नाही. कोणाचे दूध नासले, कोणाचा पेपर चुकला. खुद्द आनंदाबाईंचा नवरदेव पाऊण तास पलीकडे घोड्यावर बसून होता. (हे त्यांनी अर्जात लिहू नको म्हटले होते, पण पुरावा म्हणून आवश्यक आहे.)

३. प्रयोग फाटकाला लागून असलेल्या मैदानात होतो. नाटकातला नवरदेव विचारतो, “फाटक काऊन नाई उघडत?” त्यावर फाटकवाल्याच्या वेषातली अन्नपूर्णा नुसता कानाला हात लावते, आणि मैदानातले सगळे लोक एका सुरात म्हणतात, “वरून ऑर्डर नाई.” हे अर्जदाराने लिहिलेले नाही. पहिल्या प्रयोगाला मागून एकच जण ओरडला होता, दुसऱ्याला पन्नास जण, तिसऱ्याला सर्व. तेव्हा अर्जदाराने वहीतले अन्नपूर्णेचे उत्तर खोडले, तिथे कोरी ओळ ठेवली आणि समासात ‘लोक’ असे लिहिले. वहीत अशा एकोणीस कोऱ्या ओळी आहेत.

शिवाय गाडी. आमच्या नाटकातली गाडी खरी आहे. सातवीसची, म्हणजे संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांची, पॅसेंजर. तिला आम्ही कधी नाटकात घेतले नाही, ती आपोआप येत असे. स्टेशनातून निरोप आला की खऱ्या फाटकावरचे कवडूजी हिरवा कंदील एकदा वर करतात, तो बघून संगीताचे मास्तर नानाजी पेटीवर शेवटचे पद धरतात, आणि पद संपते न संपते तोच धडधड करीत पॅसेंजर जाते. गाडी उशिरा असली तर नवरीची आई, म्हणजे कांता, आणखी दोन कडवी रडते. डिसेंबरात गाडी पन्नास मिनिटे उशिरा होती. कांता अकरा कडवी रडली, त्यातली सात तिने उभ्या उभ्या रचली, आणि तो प्रयोग सर्वांत चांगला झाला असे लोक अजून म्हणतात. गाडी गेली की खरे फाटक आणि नाटकातले फाटक एकदमच उघडते, आणि बाया घरून पदरात बांधून आणलेल्या ज्वारीच्या पिवळ्या अक्षता टाकतात. नवरदेवाच्या फेट्यातून दुसऱ्या दिवशी मूठभर ज्वारी निघते.

४. आता पुणे. दि. १८ जानेवारी रोजी तिथल्या थेटरात आम्ही उभ्या राहिलो. खुर्च्यांना गाद्या होत्या. नवरदेवाने विचारले, “फाटक काऊन नाई उघडत?” अन्नपूर्णेने कानाला हात लावला. शांतता. नवरदेवाने पुन्हा विचारले. शांतता. तिसऱ्यांदा विचारल्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “आम्हाला काय माहीत?”

असे करत करत आम्ही शेवटच्या पदापर्यंत आलो. पद संपले. रोजच्या सवयीने सर्व पात्रे डावीकडे तोंड करून उभी राहिली. डावीकडे भिंत होती. नानाजींनी पेटी चालू ठेवली. कांता कुजबुजली, “गाडी काऊन नाई येऊन राह्यली वं?” तेव्हा अर्जदाराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की, अगं बाई, इथे रूळच नाहीत. पण कांताला सवयीने रडू फुटले होते. ती सात कडवी रडली. लोक आधी आमच्याकडे, मग डाव्या भिंतीकडे, मग घड्याळाकडे बघू लागले. एका बाईंनी उठून विचारले, “मुलींनो, कोणाला बरं नाही का?” मग पडदा पडला. नवरदेव-नवरी एकमेकांना भेटलीच नाहीत. पुण्यात ते लग्न अजून लागलेले नाही.

५. परीक्षकांचे शेरे आपल्या पत्रासोबत मिळाले. परीक्षक सज्जन होते, त्यांनी आम्हास चहा व चिवडाही दिला, तरी शेऱ्यांना उत्तर देणे कर्तव्य आहे. ‘पात्रे विनाकारण थांबतात’ असा एक शेरा आहे. फाटकाशी सर्वच जण विनाकारण थांबतात, तीच तर गोष्ट आहे. ‘वरातीने पुलावरून जावे’ असा दुसरा आहे. पूल नाही. गावाच्या नावात आहे तो नदीवरचा. तिसरा शेरा असा की, ‘भाषा समजली, परंतु कोठे हसावे ते समजले नाही.’ हा वाचून अर्जदार दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, आणि मग विचार केला.

६. विचारात नानाजींची मदत झाली. त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते की, विलायतेत भरल्या थेटरात तीन-तीन वर्षे चालणारी संगीत नाटके सुद्धा समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली की कधी कधी पंधरा दिवसांत गुंडाळतात, तिकडची विलायतेत आली की तसेच, आणि काही नाटकांना तर कोणी जहाजावर चढवतच नाही. कारण त्यातली गंमत त्यांच्या ट्रामची, त्यांच्या पोलिसांची, त्यांच्या शाळेतल्या मास्तरांची. गावातल्या माणसाला नुसते नाव घेतले की हसू फुटते, परक्याला आधी समजावून द्यावे लागते, आणि समजावून झाल्यावर कोण हसतो? नानाजी म्हणाले, “अवं, राजाचं नाटक कुठंबी जाते. राजा रुसला हे साऱ्यायले समजते. पॅसेंजर रुसली हे पुण्याच्या मानसाले कसं समजन?”

नोव्हेंबर १९५६ पासून पुणे आणि पुलगाव एकाच राज्यात आहेत हे अर्जदाराने भूगोलात पाठ केले आहे. पण आमच्या नाटकाला ते कोणी कळवलेले दिसत नाही. पुण्याला निघताना आम्ही पेटाऱ्यात पोशाख भरले, फेटा भरला, कागदाचे फाटक घडी घालून भरले. लोक राहिले, अक्षता राहिल्या, पॅसेंजर राहिली. जे घरी राहिले तेच नाटक होते, हे गाडीत कोणाच्याच लक्षात आले नाही. महोदय, एवढी मोठी राष्ट्रे, त्यांच्याकडे जहाजे आहेत, तरी त्यांना ही चूक होते. मग पुलगावच्या दहावी अ वर्गालाच तेवढी रद्दची शिक्षा का?

७. यावर अर्जदाराने प्रथम असा उपाय काढला होता की, समितीने पुण्यास एका संध्याकाळपुरते दोन रूळ व एक पॅसेंजर यांची व्यवस्था करावी. ते जड जात असल्यास पुलगावचे चारशे प्रेक्षक पुण्यास न्यावे. त्यासाठी तिने घरोघर विचारून यादीही केली. एका दिवसात त्रेसष्ट नावे झाली. काहींनी जेवणाचे काय असे विचारले. दूधवाल्या जिजाबाई म्हणाल्या, “मी येतो पुण्याले, मले का? पन म्हशीचं दूध तिथून कोन काढन?” आनंदाबाईंनी यादी पाहिली, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि दोन्ही मागण्या मागे घे म्हणाल्या. त्या याद्वारे मागे घेण्यात येत आहेत. आमचे नाटक पुण्यास, मुंबईस किंवा विलायतेस पुन्हा पाठवा, असे आमचे म्हणणे नाही. ते जाणार नाही. त्याला घरी राहू द्यावे, एवढेच म्हणणे आहे.

८. आपण सुचवल्याप्रमाणे छापील यादीतील राजाचे नाटक बसवून पाहिले, हेही प्रामाणिकपणे नमूद करते. अन्नपूर्णेला राजा केले. प्रधान येऊन म्हणाला, “महाराज, महालाचे द्वार उघडावे.” अन्नपूर्णा वर्षभर फाटकवाला असल्यामुळे तिच्या तोंडून निघून गेले, “वरून ऑर्डर नाई.” राजाच्या वर कोण, असे नानाजींनी विचारले. अन्नपूर्णा म्हणाली, “ठेसनमास्तर.” तालीम तेथेच संपली.

९. आता मुख्य कारण. मामांच्या मते ते सर्वांत वर लिहायला हवे होते, पण अर्जदाराचा धीर आत्ता झाला.

खऱ्या फाटकावरचे कवडूजी एकोणीस वर्षे तिथेच आहेत. त्यांची संध्याकाळची पाळी कधी चुकली नाही. त्यामुळे सर्व गावाने नाटक पाहिले, फक्त ज्यांच्यावर ते आहे त्यांनी पाहिलेले नाही. मैदान त्यांच्या झोपडीपासून चाळीस पावले, पण मधे आमचा पडदा येतो. आम्ही पुण्याहून परत आलो तेव्हा ते म्हणाले, “गाडी नाई आली म्हनता? मंग तिथं कंदील कोन दाखवला?” कोणीच नाही, असे सांगितल्यावर ते झेंडीची गुंडाळी करू लागले. मग म्हणाले, “मले एक सांग बाई. आयकतो तं मी साराच खेळ. पन मी दिसतो कसा त्यात?”

अन्नपूर्णेसारखे दिसता, असे कसे सांगावे? म्हणून अर्जदाराने त्याच दिवशी त्यांच्या नावाने रेल्वेकडे एका संध्याकाळच्या रजेचा अर्ज लिहिला. तो अर्जदाराच्या हातचा पहिला अर्ज होता. कारणाच्या जागी ‘स्वतःला बघण्यासाठी’ असे लिहिले होते, ते मामांनी खोडून ‘घरगुती कारण’ असे केले. दि. १ फेब्रुवारी रोजी रजा मंजूर झाली. शनिवार, दि. २२. त्या दिवसापुरता बदली माणूस अण्णाजी पलीकडच्या फाटकावरून येणार आहे, आणि कंदील वर करायचा कधी, ते कवडूजी त्याला रोज शिकवत आहेत. चार दिवसांनी आपले पत्र आले. ते खिळ्याला अडकवले आहे हे कवडूजींना अजून कोणी सांगितलेले नाही. काल त्यांनी धुतलेले धोतर झोपडीबाहेर वाळत घातले होते, आणि पुढच्या रांगेत बसले तर चालेल का, असे विचारत होते.

सबब विनंती की, सदर नाटकावरील ‘रद्द’ हा शब्द मागे घेऊन त्याऐवजी ‘फक्त पुलगावसाठी’ असा शेरा मारावा, आणि शनिवारच्या आत तसे आनंदाबाईंना लेखी कळवावे. रेल्वेने आपली बाजू पार पाडली आहे. एवढ्या मोठ्या खात्याने नऊ दिवसांत हो म्हटले. समिती त्याहून लहान आहे, तेव्हा लवकर होईल अशी अर्जदारास खात्री आहे.

आपली नम्र, आणि शनिवारपर्यंत रोज टपाल बघणारी,

कु. भागीरथा रूपराव भोयर
इयत्ता दहावी अ, पुलगाव
दि. १२ फेब्रुवारी १९५८

सोबत :
१) नाटकाची वही. कोऱ्या ओळी चुकून राहिलेल्या नाहीत.
२) पुण्यास येऊ इच्छिणाऱ्या त्रेसष्ट जणांची यादी. मागणी मागे घेतली आहे, पण मेहनत झाली आहे म्हणून.
३) कवडूजींच्या रजेच्या हुकमाची नक्कल. मूळ कागद ते देत नाहीत, खिशातच ठेवतात.