फोटोतली जनावरे

फिजाच्या आईस सलाम. मी बरा आहे, खोकलाही कमी आहे. फोनवरचे बोलणे सगळे घर ऐकते, म्हणून सुट्टीवर गावी निघालेल्या नुमानच्या हाती हे पत्र देतो.

चूक माझीच. इथे आखातात, जनाबियाला शेठच्या बागेत मी राखतो तिथे नवी जनावरे आली, त्यांच्यासोबतचा फोटो मी हौसेने घरच्या ग्रुपवर टाकला. तो फिजाच्या होणाऱ्या सासरी पोहोचला. आता ते म्हणतात, डुकरे राखणाऱ्याची मुलगी नको.

त्यांना सांग, ती डुकरे नाहीत. अमेरिकेच्या रानातली पेकरी आहेत. जनावरांच्या डॉक्टरने दाखवले, डुकराचे सुळे वर वळतात, यांचे सरळ खाली येतात. यांच्या पाठीवर वासाची गाठ असते. एकमेकांना अंग घासून ती आपला कळप ओळखतात.

खोलीतला झुबेर ऐकत नाही. "चाचा, सुवर तो सुवर," म्हणतो. वीस वर्षे एका थाळ्यात जेवलो, आता माझे ताट वेगळे.

गेल्या आठवड्यात कळपातली म्हातारी मादी मेली. बाकीची दोन दिवस तिच्यापाशीच होती, नाकाने तिला उठवत होती. मला ताप होता तेव्हा या खोलीत पाणीही कुणी विचारले नाही.

हलाल-हराम मला कळत नाही, मौलवींना विचार. फिजा जेवते ना? तिला ते घर अजून हवे असेल तर मी काम सोडून येतो. फक्त एवढे बघ, तिलाही माझी लाज वाटत नाही ना. वाटत असेल तर मला कळवू नकोस.

उस्मान