स्प्रिंग बाहेर काढून मोजायचं तेल

सोमवार, ५ फेब्रुवारी २००१
नव्या वेगवान मोटरसायकलचा पुढचा शॉकअप शेवटी अनघा गायकवाडला दिला. वय सव्वीस. सॉफ्टवेअर कंपनीतून आमच्या डिझाइनमध्ये येऊन चार महिने. कॉम्प्युटरवर अख्खी गाडी खड्ड्यात घालून दाखवते. साहेब खूश. मला म्हणाले, "साठे, तुम्ही मार्गदर्शन करा." म्हणजे बाजूला बसा. सतरा वर्षं शॉकअप केले, ते काय गंमत म्हणून?

गुरु. ८
जळतोय मी. इथे कोण वाचणार आहे, लिहून टाकतो.
ट्रॅकवर आमची रीत ठरलेली. रफीक टेस्टची फेरी मारून आला की हेल्मेटही न काढता आधी माझ्याकडे येतो. पुढचं चाक कसं वागलं ते सांगतो, मी वहीत उतरवतो. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाकडे गेला नाही. आज सरळ तिच्याकडे. दहा मिनिटं हातवारे. मग मला ऐकवतो, "पोरीला कळतं हं, साठेसाहेब. ब्रेकला नाक किती खाली जातं, मी सांगायच्या आधी तिनंच सांगितलं."
वा. मग माझ्याकडे आलाच कशाला?

रवि. ११
सुधा म्हणाली, "अहो, जेवायला बसल्यापासून त्या मुलीचं नाव तिसऱ्यांदा घेतलंत." उरलेली भाजी संपवली.

मंगळ. १३
वर्कशॉपमध्ये गेलो. शिंदे मेकॅनिक तिच्या ड्रॉइंगप्रमाणे फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांमध्ये, तेल भरत होता. फोर्क पूर्ण दाबलेला, वरच्या काठापासून तेलापर्यंत एकशे वीस मिमी. आकडा बरोबर, पण स्प्रिंग आतच! स्प्रिंग जागा खाते, तेल वर आलेलं दिसतं, प्रत्यक्षात भरतं कमी. जोरात ब्रेक मारला की फोर्क तळाला आदळणार.
स्प्रिंग काढून मोजा, असं तिनं लिहिलंच नाही. मीही कधी लिहीत नाही. पण माझं तेल मी शेजारी उभा राहून भरून घेतो. बाईसाहेब कॉम्प्युटरसमोर.
शिंदे पाठमोरा होता. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. उद्या साहेब ट्रॅकवर येणार आहेत. आदळू दे एकदा त्यांच्यासमोर. फार तर ठणकन आवाज होईल.

बुध. १४
ताशी शंभरवरून ब्रेक. फोर्क तळाला, पुढचं चाक उसळून घसरलं, रफीक गाडीखाली. खांद्याचं हाड गेलं, उजवं मनगट दोन ठिकाणी. सगळ्यात आधी पोचलो तो मी. नालायक माणूस आहे मी. लिहवत नाही.

शुक्र. १६
दवाखान्यात गेलो. मनगट पूर्वीसारखं वळेलच असं नाही, म्हणतात डॉक्टर. टेस्ट रायडरचं मनगट! आणि रफीक मलाच समजावतोय: "तुम्ही का तोंड पाडून बसलाय? तुमचा शॉकअप नव्हता तो."
सांगणार होतो. तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. मला तेवढं निमित्त पुरलं.

मंगळ. २०
अनघानं स्वतः फोर्क उघडला, तेल मोजलं, कारण शोधून काढलं. दीड दिवसात. मला चार लागले असते, हे अजूनही खुपतंच. अहवालात चूक सरळ स्वतःच्या नावावर घेतली आहे. शिंदेचं नावसुद्धा नाही. तपासणारा म्हणून सही माझी लागते. दुपारी कागद घेऊन आली, डोळे सुजलेले.
"सर, तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं. तेल भरताना तुम्ही तिथे असतात, तर हे झालंच नसतं."
म्हटलं, "ठेव. वाचतो."
वाचायचं काय आहे त्यात. पाच वाजून गेले. ती अजून बाहेर थांबली आहे आणि मी इथे रोजनिशी लिहीत बसलोय. उठतो, तेरा तारखेचं आधी तिला सांगतो, मग सही.