बंद न होणारी खिडकी

सोलापूर

प्रिय वैष्णवी,

हे पत्र सरोजिनीबाई तुला स्टाफरूममध्ये देतील. तिथंच वाच आणि त्यांच्याकडेच परत दे. घरी नेऊ नकोस.

तू नेहमी विचारायचीस, दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर बसून करतेस तरी काय? मी ‘खिडक्या बसवते’ म्हणून हसण्यावारी न्यायचे. खरंच तेच करते गं. कुठलाही प्रोग्राम उघडला की वर एक पट्टी दिसते, तिच्यावर नाव आणि उजवीकडे बंद करायची फुली. ती कॉम्प्युटरची स्वतःची असते. ती चौकटीसकट काढून टाकायची आणि तिथं आपल्या रंगाची, आपल्या घडणीची पट्टी बसवायची. पण मग सगळंच आपल्याला शिकवावं लागतं. पट्टी धरून ओढली की खिडकी सरकायला हवी, फुली दाबली की मिटायला हवी. आपण सांगू तेवढंच ती करते.

गेल्या वर्षी मी शिक्षकांसाठी प्रश्नपत्रिका काढायचा एक प्रोग्राम केला. मोरपंखी पट्टी, गोल कोपरे, फुली कोपऱ्यापासून जरा आत. मला फार आवडला होता तो. पूर्ण झाल्यावर आमचे मालक वेणीमाधवसर म्हणाले, “फुली दाबली की खिडकी नुसती दिसेनाशी होऊ दे. आतून चालू राहू दे.” कशासाठी, तर म्हणे गिऱ्हाइकाची मागणी आहे. मी नाही म्हटलं. काम ओजसकडे गेलं. तो माझ्या शेजारीच बसतो. एकदा तो चाचणी घेत असताना मी पाहिलं. फुली दाबल्यावर खिडकी गेली, आणि त्यानंतर त्यानं टाइप केलेलं अक्षर न् अक्षर टेबलावरच्या दुसऱ्या मोबाइलवर उमटत गेलं. मी तडक सरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, “आपण सॉफ्टवेअर विकतो, निवेदिता. लोकांचे संसार चालवत नाही.”

होळीच्या आधी तू मला व्हिडिओ कॉलवर भूगोलाची प्रश्नपत्रिका दाखवलीस, आठवतं? वर मोरपंखी पट्टी होती. हे कुठून आलं, म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालीस, “यांनीच माझ्या लॅपटॉपवर टाकून दिलंय की! लई सोपं पडतंय बघ.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मृत्युंजय आले. तुझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत हसले. त्यानंतर तू माझा एकही फोन उचललेला नाहीस.

तेव्हापासून मला एकेक गोष्ट आठवत राहते. सोलापूरच्या शाळेत नोकरीसाठी तू अर्ज केलास, घरात कुणाला न सांगता. त्याच संध्याकाळी त्यांनी स्कूटीची किल्ली काढून घेतली. आईकडे चार दिवस जाते असं तू बहिणीला लिहिलंस, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाई आजारी पडल्या. तेव्हा तू कौतुकानं म्हणाली होतीस, “अगं, यांना माझ्या मनातलं सगळं कळतंय.” मीही हसले होते.

परवा तुझ्या नंबरवरून मेसेज आला. ‘निवेदिता, मी मजेत आहे. सध्या फोन करू नकोस.’ वैष्णवी, वसतिगृहात आपण एका खोलीत राहायला लागलो तेव्हापासून तू मला निवी म्हणतेस. भांडलो तेव्हाही तू मला निवेदिता म्हटलं नव्हतंस. मृत्युंजय आता तू टाइप केलेलं नुसतं वाचत नाहीत, तुझ्या नावानं लिहायलाही लागलेत. म्हणून हा कागद. तो प्रोग्राम काढायला जाऊ नकोस, काढलास की त्यांना लगेच कळतं. सरोजिनीबाई सांगत होत्या, ते शाळा सुटायच्या आधीच फाटकापाशी येऊन उभे राहतात. म्हणून मी आणि माझा अभिमन्यूदादा शनिवारी मधल्या सुट्टीत मंगळवेढ्याला येतोय. गाडी शाळेच्या मागच्या दाराशी असेल. काही बरोबर घेऊ नकोस, मोबाइलसुद्धा नको. नुसती बाहेर ये.

वाट पाहणारी तुझीच,
निवी