मागच्या गाडीला दोन मिनिटं

दि. ९ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आईच्या गुडघ्याचा नवा पट्टा मापात बसला का? वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर मी प्रयोगशाळेत रोज घालते. इथे यंत्रं तापू नयेत म्हणून माणसांना गारठवतात.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू मला स्पीकरवर टाकतोस आणि डेपोच्या कंट्रोल केबिनमधले सगळे ड्रायव्हर-कंडक्टर "काय पंडितबाई, आज काय शोधलंत?" म्हणून ओरडतात. आजचं बोलणं एवढ्या लोकांत करण्यासारखं नाही.

आमची सभा झाली. भौतिकशास्त्रातले आणि जीवशास्त्रातले नवखे संशोधक, तीन दिवस एका छताखाली. पहिल्या दिवशी चहाला आम्ही खिडकीशी, ते दाराशी. सोयरीक न जमलेल्या दोन घरांसारखे!

माझं काम तुला माहीत आहे. मज्जापेशीत लांब धाग्यांवरून सामान नेणारे इवले हमाल असतात, त्यांची कोंडी कशी होते आणि कशी सुटते, हे मी गणिताने शोधते. या कामातली माझी जोडीदारीण जीवशास्त्रातली, ती सूक्ष्मदर्शकातून त्यांची फिल्म काढते. फिल्ममध्ये हे हमाल मधेच, काही कारण नसताना थांबायचे. मी ते थांबणं चूक समजून आकड्यांतून छाटून टाकत होते. तब्बल सात महिने!

ती म्हणायची, "अगं, ते थांबतात म्हणजे थांबतात. तुझ्या गणिताला आवडत नाही म्हणून धावणार आहेत का?" मी ऐकेन तर शपथ. पण तिच्या पेशीतली कोंडी सुटायची आणि माझ्या संगणकातली, हमाल कितीही कमी केले तरी, सुटायची नाही.

डिसेंबरात रडकुंडीला येऊन तुला फोन केला, आठवतं? तू म्हणालास, "गाड्या जास्त झाल्या म्हणून नाही गं चिकटत. पुढचीला उशीर झाला की थांब्यावर माणसं साठतात, ती आणखी रखडते. मागची रिकामी, सुसाट येते आणि तिच्या पाठीला लागते. आम्ही मागचीला दोन मिनिटं रोखतो. प्रवासी शिव्या घालतात, पण एक थांबते म्हणून बाकीच्या चालतात."

फोन ठेवला आणि छाटलेलं सगळं थांबणं परत घातलं. कोंडी सुटली, दादा.

आता खरं सांगते. सभेत माझं बोलणं झाल्यावर एका वयस्कर प्राध्यापिकेने विचारलं, "हे परत घालायचं सुचलं कसं?"

मी म्हणाले, "वाचनातून."

बस डेपोतल्या भावाने सांगितलं, असं म्हणायला जीभ रेटली नाही. तिथे ज्याच्या-त्याच्या घरी कोणी ना कोणी शिकवणारं होतं. बाहेर आल्यावर जोडीदारीण एवढंच म्हणाली, "कुठलं पुस्तक गं? मलाही दे." त्या फोनच्या वेळी ती शेजारच्याच टेबलाशी होती.

शेवटच्या दिवशी सकाळी मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं; तुझा डेपो, तुझी दोन मिनिटं, प्रवाशांच्या शिव्या. शिव्यांना सभागृह हसलं. त्या प्राध्यापिकाबाईंनी मात्र वही उघडली. "दोनच मिनिटं का? तुमचे भाऊ हे कसं ठरवतात?" मी म्हटलं, "ते त्यालाच माहीत." "मग भावाला विचारा," त्या म्हणाल्या, "आम्हाला कोणालाच माहीत नाही."

म्हणून विचारते. घड्याळ बघून ठरवतोस, मधलं अंतर बघून, की गर्दीचा अंदाज घेऊन? सविस्तर लिही, चित्रं काढ. शोधनिबंधात तुझं नाव येणार आहे. पुढे 'वाहतूक नियंत्रक' असं पूर्ण लिहू ना?

आणि एक. तू शाळा सोडलीस, त्याच वर्षी मी पाचवीत गेले. तुला कोणी थांबवलं, की तू आपणहून थांबलास, हे मी कधी विचारलंच नाही. जमलं तर त्याचंही उत्तर लिही.

तुझी, चालत राहिलेली,
पंडितबाई