नव्या भाताची पुरचुंडी

धनेश बाळा,

काल नाशिकला तुझ्या हॉस्टेलवर जाऊन आले. तुझ्या खोलीतल्या ललितने मी पाठवलेली नव्या भाताच्या पोह्यांची पुरचुंडी परत दिली. गाठ माझीच, न सुटलेली. म्हणाला, "काकू, ही येण्याआधीच धनेश कॉलेज सोडून गेला."

घरातल्या सगळ्यांच्या तोंडाला नवं धान्य लागल्याशिवाय आपल्याकडे कोणी ते पोटभर खात नाही. मी फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालास, "खाल्लं आई, गोड होतं." तुझ्या शब्दावर आम्ही नवा भात जेवलो रे.

गावी रानशेतला परतल्यावर बाबांना सांगितलं, पोरगा अभ्यासात आहे.

रविवारी तुझा फोन येईल. मेसमध्ये काय होतं, विचारीन. तू सांगशील, मी ऐकेन. पण बाळा, तू जेवतोस कुठे?

पत्ता नाही, म्हणून हे पत्र पुरचुंडीतच ठेवते.

तुझी आई